कुटुंब समुपदेशक होताना: प्रवेश अर्जापासून मानधनापर्यंत

‘सर, मलाही समुपदेशनात यायचंय, कुठला कोर्स करू?’ असे फोन अधूनमधून येत असतात. बहुतेक वेळा समोरची व्यक्ती तिशी ओलांडलेली असते, हातातल्या नोकरीला कंटाळलेली असते आणि ‘लोक माझ्याजवळ मन मोकळं करतात’ एवढंच तिचं भांडवल असतं. माझंही तेवढंच होतं. फोनवर दहा मिनिटांत जे सांगून होत नाही ते इथे क्रमाने लिहितो. पैशांचे आकडे माझ्या वेळचे आहेत, आता वाढलेले असणार. जिथे माणसांचा उल्लेख आहे तिथे ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

मी कराडकडचा. बी.कॉम. करून एका पतसंस्थेत वसुलीला लागलो. थकबाकीदाराच्या दारात उभं राहिलं की पैशाच्या आधी घर दिसतं. ‘मालक घरी नाहीत’ म्हणायला बायकोला पुढे करतात, मालक माजघरात असतात, आणि सासू मध्येच बाहेर येऊन सुनेच्या दवाखान्यापायीच कर्ज झालं म्हणून सांगते. मग माझ्यासमोरच सुरू. मी पावतीपुस्तक धरून उंबऱ्याबाहेर. वसुली फारशी व्हायची नाही, पण बरेच जण नंतर रस्त्यात गाठून बाकीची हकीकत सांगायचे. २०१६ च्या नोटबंदीनंतर संस्थेचं गाडं बसलं, पगार पुढे-मागे व्हायला लागला. वय एकतीस, मुलगी दोन वर्षांची.

माझी मावसबहीण सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. तिने एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, सुचवली. तोवर मला वाटायचं, समुपदेशक म्हणजे मानसशास्त्र शिकलेला. तिने मला आधी नोकरीच्या जाहिराती वाचायला लावल्या, आणि तोच सल्ला मी आज सगळ्यांना देतो: कोर्सचं माहितीपत्रक नंतर, आधी जाहिरातीतला ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना. आपल्याकडे कुटुंब समुपदेशकाला सरसकट लागू असा एकच परवाना नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तो वेगळा आणि बराच लांबचा रस्ता आहे. पण कुटुंब न्यायालय, पोलीस ठाण्यांतली समुपदेशन केंद्रं, सखी वन स्टॉप सेंटर (अत्याचार सोसलेल्या महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र) अशा ठिकाणी एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्रातलं एम.ए. हीच पदवी फिरून-फिरून दिसते, त्यातही न्यायालयाचा भर एमएसडब्ल्यूवर. तीन महिन्यांची ऑनलाइन प्रमाणपत्रं कुठेच चालत नाहीत. ज्ञान म्हणून करा, नोकरीसाठी नको. नोकरी सोडणं शक्यच नसेल त्यांच्यासाठी माझ्या वेळी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा समुपदेशन व कुटुंब चिकित्सेचा अभ्यासक्रम होता. माझ्या पुढच्या बॅचमधल्या एकीने तो घर सांभाळून केला. मला मात्र रोज कुणीतरी कान धरणारं हवं होतं, म्हणून नियमित कॉलेज.

जून २०१७ मध्ये पुण्याला अर्ज भरला. लेखी परीक्षा, गटचर्चा, मुलाखत. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, ‘वसुली करणारा माणूस लोकांचं ऐकून कसा घेणार?’ मी म्हटलं, वसुलीत ऐकूनच घ्यावं लागतं, दुसरं काही मिळतच नाही. त्या हसल्या. निवड यादीत नाव आलं आणि खरी पळापळ त्यानंतर सुरू झाली.

पदवी शिवाजी विद्यापीठाची, प्रवेश पुण्यात, म्हणजे मायग्रेशन प्रमाणपत्र आलं. ते काढायला कोल्हापूर. त्याआधी जुन्या कॉलेजातून टीसी, तिथे ग्रंथालयाचं ‘नो ड्यूज’ मागितलं, पदवी घेऊन दहा वर्षं झाल्यावर! मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर. तहसीलच्या दाखल्याला पंधरा दिवस सांगतात, शाळा-कॉलेजच्या हंगामात तीन आठवडे धरा. कॉलेजने मुदतीचं हमीपत्र लिहून घेतलं म्हणून निभावलं. दाखले निकालाची वाट न बघता मे महिन्यातच काढून ठेवावेत. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते पोर्टलवर नव्हे, बँकेत जाऊन बघा.

पहिल्या वर्षाची फी तीस हजारांच्या आसपास. कॉट बेसिसवर राहणं महिना अडीच हजार, मेस दोन हजार चारशे. घर बायकोच्या शिलाईवर चाललं. लोक ‘नवऱ्याने या वयात काय शिकायला घेतलंय’ म्हणून तिलाच विचारायचे. तिने काय उत्तरं दिली ते मला अजून पूर्ण माहीत नाही. शनिवारी रात्रीच्या एसटीने गावी, रविवारी रात्री परत.

एमएसडब्ल्यूचा जीव वर्गात नसतो, क्षेत्रकार्यात असतो. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर, आणि त्या प्रत्येक दिवसाचं रेकॉर्डिंग, म्हणजे सविस्तर टिपण, लिहायचं. पहिल्या वर्षी पर्वतीच्या जनता वसाहतीत होतो. मी व्यवस्थित लिहायचो: अमुक घरी गेलो, सदस्य पाच, पाण्याची अडचण, रेशनकार्ड नाही. सुपरव्हायझर मॅडम आयसीमध्ये, म्हणजे आठवड्याच्या वैयक्तिक बैठकीत, ते कागद पुढे सरकवायच्या. समासात लाल पेनाने एकच प्रश्न: ‘हे ऐकताना तुला काय होत होतं?’ मला राग यायचा. माझं काय व्हायचंय, पाण्याची अडचण त्यांची आहे. तो प्रश्न किती कामाचा आहे हे पुढे दारुड्या नवऱ्यासमोर बसल्यावर कळलं. माझे वडील दारू पीत. समोरचा माणूस तोंड उघडायच्या आधीच माझ्या मनात त्याचा निकाल लागलेला असायचा. हे आपल्याला होतंय, एवढं माहीत असलं की निदान प्रश्न तरी सरळ विचारता येतात.

दुसऱ्या वर्षी, जुलै २०१८ पासून, क्षेत्रकार्यासाठी शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयात नेमणूक मिळाली. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा, आणि पुण्यातलं न्यायालय १९८९ मध्ये सुरू झालेलं राज्यातलं पहिलं. समेटाची शक्यता असेल तर आधी तो प्रयत्न करायचा, ही कायद्याने न्यायालयावर टाकलेली जबाबदारी आहे, आणि म्हणून तिथे विवाह समुपदेशक असतात. पहिले कित्येक दिवस मी तिथल्या समुपदेशक मॅडमच्या केबिनच्या कोपऱ्यात नुसता बसून होतो. बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, पेन वाजवायचं नाही.

तिथे प्रकरणं अक्षरांनी ओळखतात. ‘ए’ म्हणजे घटस्फोट किंवा नांदायला येण्याचा अर्ज, ‘डी’ म्हणजे मुलांचा ताबा, ‘ई’ म्हणजे पोटगी, ‘एफ’ म्हणजे परस्पर संमती. ‘एफ’वाले जोडीने येतात, एकमेकांना पाण्याची बाटली देतात, आणि नव्या माणसाला वाटतं यांचं तर जमतंय की. तसं काही नसतं, त्यांचं भांडून झालेलं असतं. सहा महिने थांबण्याची अट योग्य प्रकरणात माफ करता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१७ मध्ये आला होता, त्यामुळे तशा अर्जांचीही तेव्हा रीघ होती.

समुपदेशक मॅडम आधी एकेकाशी स्वतंत्र बोलायच्या, मग दोघांशी एकत्र. दोन-दोन तास चाललेल्या बोलण्यानंतर न्यायाधीशांकडे जाणारा अहवाल जेमतेम ओळ-दोन ओळींचा: समेट झाला किंवा झाला नाही. कोण काय बोललं ते त्या खोलीतच राहतं, समुपदेशकाला साक्षीलाही ओढता येत नाही. पक्षकारांना हे पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. ते कळलं की माणसाच्या बोलण्याची पट्टीच बदलते. वकिलाने पाठ करून घेतलेली वाक्यं संपतात आणि मग ‘तिने माझ्या आईच्या तेराव्याला यायला नको होतं का?’ असं काहीतरी बाहेर येतं. तीन वर्षांची केस त्या तेराव्यापाशी अडकलेली असते.

न्यायालयात मुलांना भेटण्यासाठी वेगळा कक्ष आहे. ज्या पालकाकडे ताबा नाही तो ठरलेल्या दिवशी तासभर येतो. एक वडील आठ महिन्यांनी मुलाला भेटत होते. नवे बूट आणले होते, दिवे लागणारे. मुलगा आधी जवळ येईना, मग बूट बघून आला. बूट दोन नंबरांनी लहान निघाले. वडिलांनी अंगठ्याने पुढचं टोक दाबून पाहिलं, बूट परत खोक्यात ठेवले, आतला कागद नीट घडी करून वर घातला आणि मुलाला विचारलं, ‘आता तू कितवीत आहेस?’ मला कक्षाबाहेर जावं लागलं. त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये सुपरव्हायझर मॅडमनी लाल पेन वापरलं नाही.

जुलै २०१९ ला निकाल लागला आणि नोकरीचा शोध सुरू झाला. इथे पुरुषांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. या क्षेत्रात बऱ्याच जागा फक्त महिलांसाठी असतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या नियमांतही समुपदेशक शक्यतो महिला असाव्यात असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि ते योग्यच आहे. मार खाऊन आलेल्या बाईने पाठीवरचे वळ मला का दाखवावेत? दोन-तीन ठिकाणी मुलाखत छान होऊन शेवटी ‘महिला उमेदवाराला प्राधान्य’ हे ऐकलं. पुरुषाला व्यसनमुक्ती केंद्र, रुग्णालय, शाळा, कंपन्यांचा समाजकार्य विभाग या बाजूने शिरकाव सोपा पडतो. मला सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या समुपदेशन केंद्रात जागा मिळाली, ती मुख्यतः सामनेवाल्यांशी, म्हणजे नवऱ्यांशी आणि सासऱ्यांशी बोलायला कुणीतरी हवं होतं म्हणून. अकरा महिन्यांचा करार, मानधन बारा हजार, प्रवासभत्ता ‘अनुदान आल्यावर’. रुजू होण्याआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. त्याचा अर्ज ऑनलाइन करायचा आणि मग ठाण्यातून फोन येण्याची वाट बघायची. मला दोन आठवडे लागले.

केंद्र म्हणजे पोलीस ठाण्याच्या आवारातली एक खोली. बाहेर जप्त केलेल्या मोटारसायकलींची रांग, त्यांच्या सीटवर अर्जदार बाईबरोबर आलेले मामा आणि भाऊ बसलेले. आत लोखंडी कपाट आडवं लावून खोलीचे दोन भाग केलेले. माझ्या सहकारी ताई तिथे नऊ वर्षं काम करत होत्या. केस पेपर कसा भरायचा हे मी कॉलेजात शिकलो होतो, पण खुर्च्या कशा मांडायच्या हे ताईंनी शिकवलं. संयुक्त बैठकीत बाईची खुर्ची दाराजवळ, कुणालाही ओलांडून न जाता तिला उठता आलं पाहिजे. नवरा-बायको समोरासमोर नकोत, तिरके. सासूला पहिली खुर्ची द्यायची आणि पहिला चहा, पण पहिला प्रश्न नाही.

कामाचा क्रम साधारण असा. बाई तक्रारी अर्ज देते. ताई तिच्याशी एकटीने बोलतात, नातेवाईक बाहेर. मग सामनेवाल्यांना तारखेचं पत्र जातं. पहिल्या तारखेला बहुतेक कुणी येत नाही, दुसऱ्या तारखेला भावकी घेऊन येतात, तिसऱ्याला माणूस एकटा येतो आणि काम सुरू होतं. आमच्या भागाची आणखी एक गंमत आहे. पाटण, जावळीकडची कितीतरी माणसं वाशीच्या बाजारात माथाडी. बायको गावी सासू-सासऱ्यांजवळ, नवरा कोपरखैरण्याच्या खोलीत चार-पाच जणांबरोबर. लग्नाला सहा वर्षं झालेली असतात आणि दोघं मिळून एका छपराखाली धड वर्षभर राहिलेले नसतात. नवऱ्याला एक दिवसाची मजुरी बुडवून यायचं जिवावर येतं. म्हणून ताई तारखा गावच्या जत्रेच्या कॅलेंडरवर लावायच्या. एप्रिल-मे आणि गणपती, या दिवसांत आम्ही रविवारीसुद्धा केंद्र उघडं ठेवायचो. हे कुठल्याच पुस्तकात नाही. ज्या भागात काम करणार त्या भागातली माणसं कोणत्या महिन्यात घरी असतात हे आधी विचारून घ्या. बीडकडे काम करणारी माझी मैत्रीण सांगते, तिथे ऊसतोड सुटल्यावरच अर्धी प्रकरणं उघडतात.

पुरुषांशी बोलणं अवघड असतं असं ऐकलं होतं. मला ते तितकंसं अवघड गेलं नाही. अवघड होतं ते बोलू दिल्यावर एका ठिकाणी थांबवणं. हिंसाचार कायद्याखाली न्यायालय समुपदेशनाला पाठवतं तेव्हाचा एक नियम आहे: मारहाणीचं समर्थन या बैठकीत करता येणार नाही, हे सामनेवाल्याला सुरुवातीलाच सांगायचं. शिवाय यापुढे असं करणार नाही अशी लेखी हमी घ्यायची. आमच्याकडे येणारी बरीचशी प्रकरणं कोर्टातून आलेली नसत, तरी ताई हाच नियम सगळ्यांना लावायच्या. ‘ती उलट बोलली म्हणून’ असं कुणी सुरू केलं की ताई पेन खाली ठेवायच्या. ‘दादा, ती काय बोलली ते मी लिहून घेणार आहे, वेगळ्या पानावर. हात का उचलला याचं कारण मी लिहून घेत नाही.’ कित्येक जण यावर गप्प बसत. एक-दोघे उठून गेले. जे बसले त्यांच्याशी पुढे बोलता आलं.

जखम मोठी असेल, गळा दाबलेला असेल, जाळायची धमकी असेल तर आमच्याकडे बैठक होतच नसे. आधी सरकारी दवाखाना, एमएलसी (जखमांची पोलीस कामासाठीची वैद्यकीय नोंद), तक्रार. हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडून घरगुती घटना अहवाल, राहायला जागा नसेल तर सखी सेंटर, तिथे पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो. वकील मोफत हवा असेल तर विधी सेवा समिती. बाईचं उत्पन्न कितीही असलं तरी तिला तो हक्क आहे, हे खुद्द शिकलेल्या बायकांनाही माहीत नसतं. नव्या समुपदेशकाने या सगळ्यांचे नंबर पहिल्याच आठवड्यात आपल्या वहीत, आपल्या अक्षरात लिहून घ्यावेत. आणि स्टॅम्प पेपरवर नोटरी करून आणलेली ‘सोडचिठ्ठी’ कुणी पुढे केली तर हुरळून जाऊ नये. रूढीने घटस्फोट चालत आलेल्या काही समाजांचा अपवाद सोडला, तर कोर्टाच्या हुकमाशिवाय हिंदू लग्न मोडत नाही. अशा कागदाच्या जोरावर दुसरं लग्न लावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

दर महिन्याला अहवाल जायचा. त्यात रकाने: आलेली प्रकरणं, तडजोड, पोलिसांकडे वर्ग, न्यायालयात, प्रलंबित. तपासणीला येणारे लोक बोट ठेवायचे ते नेमकं दुसऱ्या रकान्यावर. ‘तडजोडी कमी दिसतात, मॅडम.’ बाई नांदायला गेली की तो आकडा एकने वाढतो, दोन महिन्यांनी ती परत आली तर नवीन अर्ज म्हणून पहिला आकडाही वाढतो, म्हणजे कागदावर केंद्र दुप्पट काम करतंय. या हिशेबावर माझा विश्वास बसला नाही, आजही नाही. या क्षेत्रात येणाऱ्याने हे समजून यावं की वरून अपेक्षा संसार जोडण्याची असते, आणि समोर बसलेल्या बाईला कधीकधी फक्त सुखरूप बाहेर पडायचं असतं. ताईंनी स्वतःची वेगळी वही ठेवली होती. त्यात सासरी गेलेल्या प्रत्येकीपुढे तीन तारखा: आठवडा, महिना, तीन महिने. फोन करायचा आणि इकडचं-तिकडचं बोलायचं. शेजारी कुणी असेल आणि बोलता येत नसेल तर बाईने म्हणायचं, ‘रेशनकार्डाचं काम अजून झालेलं नाही.’ त्यानंतर गृहभेट.

पण सगळीच कामं बोलण्याची नसतात. वेगळं व्हायचं ठरलं की स्त्रीधन परत करण्याची बैठक असते. अशा एका दुपारी टेंपो आवारात उभा राहिला. लग्नातल्या सामानाची यादी बाईच्या वडिलांनी जपून ठेवलेली, लग्नातल्या पत्रिकेच्याच मागच्या बाजूला लिहिलेली. मी एकेक नाव वाचायचं, हवालदारांनी बघायचं, बाईने ‘मिळालं’ म्हणायचं. तांब्याचा हंडा, मिळाला. स्टीलची टाकी, मिळाली. मिक्सर, मिळाला, भांडं एकच. गादी नाकारली. पितळी समई एकच निघाली, दुसरी सासूच्या देवघरात होती, आणि त्या एका समईवर पाऊण तास गेला. सोन्यावर एवढा वेळ गेला नव्हता. शेवटी बाई म्हणाली, ‘राहू द्या ती तिकडं. माझी दहावी-बारावीची मार्कशीट कुठाय?’ ती यादीत नव्हती. सासरा घरी जाऊन घेऊन आला. तेव्हापासून मी यादी करताना पहिली ओळ कागदपत्रांची लिहितो: गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक. भांडी नंतर.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबईची सगळी माणसं गावी आली. सहा वर्षांत जे जोडपं एका छपराखाली राहिलं नव्हतं ते एका खोलीत आलं, कामधंदा बंद, हातात पैसा नाही. केंद्र बंद, आमचे मोबाइल चालू. घरात फोनवर बोलणं शक्य नव्हतं. बायका विहिरीवरून, गोठ्यातून मिस्ड कॉल द्यायच्या. दुपारी दोन ते चार ही वेळ आम्ही त्यासाठी राखून ठेवली, पुरुष तेव्हा झोपलेले किंवा पारावर. फोनवरच्या समुपदेशनाचं एकच तंत्र मला तेव्हा सापडलं: पहिला प्रश्न ‘कशा आहात’ नाही. पहिला प्रश्न ‘आत्ता बोलता येईल का, हो किंवा नाही म्हणा’. गंमत म्हणजे याच काळात काही नवऱ्यांचेही फोन यायला लागले. एकजण म्हणाला, ‘साहेब, पोरगी मला ओळखतच नाय, काका म्हणती.’ त्याला मी काही उपदेश केला नाही. रोज तिला आंघोळ घालायचं काम बायकोकडून मागून घ्या म्हटलं. महिनाभराने त्याचा फोन आला, आता ती हाक मारते म्हणून.

त्याच वर्षी मानधन सात महिने आलं नाही. अनुदान वरून अडकलं होतं आणि चालवणाऱ्या संस्थेच्याही हातात काही नव्हतं. मी सकाळी दुधाचं संकलन लिहायला जायचो. ताईंच्या घरी निदान यजमानांचा पगार होता. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, पण या क्षेत्रातल्या बहुतेक जागा कंत्राटी आहेत आणि पैसे उशिरा येतात. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय पहिली नोकरी सोडू नका. थकलेलं मानधन शेवटी एकरकमी आलं, त्यातनं पहिल्यांदा दुकानदाराची उधारी.

कुटुंब न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या जागा निघाल्या की मी अर्ज करतो. अनुभव मागतात तो आता आहे, पण जागा मोजक्या आणि उमेदवार भरपूर. एकदा मुलाखतीपर्यंत गेलो, यादीत नाव आलं नाही. अनुभवाचं प्रमाणपत्र मात्र नोकरी सोडताना नव्हे, दरवर्षी करार संपताना मागून घ्या, जावक क्रमांक आणि तारखेसह. संस्थेचे सचिव बदलले की जुनं कुणी लिहून देत नाही.

२०२२ च्या दसऱ्यापासून कराडला स्वतःची खोली घेतली, शनिवार-रविवारपुरती. भाडं तीन हजार. जागा बघताना एक गोष्ट लक्षात आली: लोकांना इथे येताना कुणी बघितलेलं नको असतं. खाली झेरॉक्सचं दुकान, वर विमा एजंट, करसल्लागार आणि मी. जिना एकच. कुणी विचारलं तर ‘रिटर्न भरायला आलो होतो’ म्हणता येतं. पाटीवर फक्त नाव आणि ‘एमएसडब्ल्यू’. पहिले चार महिने भाडंही सुटलं नाही. पन्नास मिनिटांचे पाचशे रुपये म्हटलं की ‘नुसतं बोलायचे?’ हा प्रश्न ठरलेला. आता सातशे घेतो, आणि प्रत्येक वेळी पावती देतो. नात्यातल्या, भावकीतल्या माणसांची केस घेत नाही, त्यांना साताऱ्याला किंवा पुण्याला पाठवतो. यावरून दोन मावश्या अजून बोलत नाहीत. इथे येणारी प्रकरणं ठाण्यातल्यापेक्षा वेगळी असतात: लग्न ठरलंय पण मुलगी फोनवर बोलत नाही, म्हाताऱ्या वडिलांना कुणी ठेवून घ्यायचं, पुण्यात आयटीत असलेला मुलगा आणि गावची शेती. कुणाचं वागणं नैराश्याकडे किंवा संशयाच्या आजाराकडे झुकतंय असं वाटलं की मी तिथेच थांबतो आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देतो. त्यात कमीपणा वाटू देऊ नये. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकाला लिहून देतो, २०२२ पासून तो चालू आहे आणि मराठीत बोलता येतं.

आजचा हिशेब सांगायचा तर केंद्राचं मानधन अठरा हजार झालंय, खोलीतून खर्च वजा जाता महिन्याला नऊ-दहा हजार सुटतात, मे महिन्यात त्याहून कमी. पतसंस्थेत राहिलो असतो आणि ती टिकली असती तर कदाचित एवढेच मिळाले असते. घरी ‘तुला नेमकं काय वाटतंय?’ असं विचारलं की बायको म्हणते, ‘ते ऑफिसात.’ रात्री साडेआठनंतर अर्जदारांचे फोन घेत नाही. त्यासाठी वेगळं सिम आहे, ते ताईंकडे आणि माझ्याकडे आठवड्या-आठवड्याने फिरतं.

महिन्यातून एका रविवारी पुण्याला जातो. आमच्या बॅचचे आणि पुढच्या-मागच्या बॅचचे सात-आठ जण एका निवृत्त प्राध्यापिकेच्या घरी जमतो. प्रत्येकाने एक केस मांडायची, नाव-गाव काढून, आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. बाई पैसे घेत नाहीत, आम्ही चहा-नाश्त्याचे शंभर-शंभर रुपये काढतो. लाल पेनाचं काम तिथे होतं. जवळपास असा गट नसेल तर जुन्या सुपरव्हायझरना फोन करून महिन्याचा एक तास मागा, गरज पडली तर फी देऊन. पहिल्या वर्षापासूनच मागा. पाचव्या वर्षी मागायला गेलेल्या माझ्या एका मित्राला तोवर झोपेची गोळी सुरू झाली होती.